गोळी विरघळेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. पोटात सेल घालायचे, बटण पुढे सरकवायचं की उजेड पडतो, ती. आधीच सांगून टाकते, चोर पकडल्याच्या आणि भुतं पळवल्याच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. माझा सगळा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला. हसू येतंय ना? हसून घ्या. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे पत्रा वाकवून माझी नळी केली, पुढे काच बसवली, मागे झाकण फिरवलं आणि माझ्यासारख्याच बहिणींबरोबर एका खोक्यात कोंबून पाठवून दिलं. मग बरेच दिवस मी एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला लटकत होते, उंदरांच्या सापळ्यांच्या शेजारी. एके दिवशी एक बाई आल्या. जाड चष्मा, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि चालण्यात घाई. त्यांनी मला हातात घेतलं, बटण मागेपुढे केलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "जरा आ करा बघू." तो बिचारा गोंधळला, पण त्याने आ केला. आवाजच तसा होता बाईंचा. मी त्याच्या घशापर्यंत स्वच्छ उजेड टाकला. दाढ किडली आहे, दाखवून घ्या, असं त्याला बजावून त्यांनी मला पर्समध्ये टाकलं. त्या माझ्या सिस्टर. माझं नशीब उघडलं असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

सिस्टर एका उपचार केंद्रात नर्स होत्या. हे केंद्र कशाचं ते नीट समजून घ्या. अपघात झाला, मोठं ऑपरेशन झालं की डॉक्टर दुखणं थांबवायला काही दिवस फार कडक गोळ्या देतात. काही माणसांचं दुखणं जातं, गोळी मात्र जात नाही. ती मिळाली नाही की अंग मोडून येतं, घाम फुटतो, झोप उडते, आणि ती मिळवण्यासाठी माणूस घरच्यांशी खोटं बोलायला लागतो. लोक त्याला व्यसनी म्हणून मोकळे होतात. मी इतकी तोंडं आतून पाहिली, मला तर ती सगळी आजारी माणसंच वाटली.

आमच्या केंद्रात त्यांना दुसरी एक गोळी देत. ही गोळी झिंग आणत नसे. ती जुनी भूक शांत ठेवायची, म्हणजे माणूस कामावर जाऊ शके, चार घास खाऊ शके, पोरीला शाळेत सोडू शके. पण ही गोळी गिळायची नसते. ती जिभेखाली ठेवायची आणि पुरती विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. बोललं की लाळ सुटते, गोळी पोटात जाते आणि फुकट जाते. म्हणून खिडकीशी गोळी दिली की सिस्टर पेशंटला समोरच्या बाकावर बसवत आणि दम भरत, "आता छप्पर कोसळलं तरी बोलायचं नाही." सगळे ओळीने मूग गिळून बसत. मग माझी पाळी. "तोंड उघडा, जीभ वर, डावीकडे, उजवीकडे." कुणी गोळी गालात दडवून बाहेर नेऊ नये म्हणून हा सगळा उपद्व्याप. माझ्या गळ्यात दोरी, दोरी सिस्टरच्या गळ्यात. त्या जिथे जातील तिथे मी, आणि कान माझे कायम उघडे.

केंद्रात आणखी एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. गोळी भूक थांबवते, पण ती भूक लागली कशी, पुन्हा लागली तर काय करायचं, घरी तोंड कसं दाखवायचं, हे गोळीला कुठून कळणार? त्यासाठी समुपदेशक लागतो. शांतपणे ऐकून घेणारा आणि वाट दाखवणारा शिकलेला माणूस. आमच्याकडे तो नव्हता. समुपदेशक शहरभर विखुरलेले होते आणि एकेकाची वेळ मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. कुठल्या पेशंटला कुणाकडे पाठवायचं, वेळ कशी मिळवायची, तो पोहोचला की वाटेतून पळाला, हे सगळं बघायचं काम ताईंचं. इकडे फोनवर समुपदेशकांची मनधरणी, तिकडे पेशंटची. बाईंचा घसा कायम बसलेला. मनाने सोनं होतं हो ते माणूस, हे मी आजही म्हणेन.

त्यांची अडचण एकच. पेशंट थांबायचे नाहीत. गोळी विरघळली, तोंड दाखवलं की सुटले कामाला, मागे वळून बघायचे नाहीत. ताई हाका मारत फाटकापर्यंत धावायच्या. मग त्यांना एक युक्ती सुचली. गोळी तोंडात असते तोवर माणूस बाकावरून हलत नाही, तर तेव्हाच का गाठू नये? झालं. त्या आपलं स्टूल घेऊन बाकासमोर बसू लागल्या आणि एकेकाला सांगू लागल्या, तुमची वेळ अमुक ठिकाणी ठरली आहे, जाल ना? आणि तोंडात गोळी असलेली ती सगळी माणसं एकामागून एक माना हलवू लागली.

तुम्ही म्हणाल, मान आडवीही हलवता येते. येते की. पण मान आडवी हलवली की समोरून "का?" असा प्रश्न येतो, आणि "का"चं उत्तर मानेने देता येत नाही. त्यापेक्षा उभी मान बरी. शिवाय समोर बसलेली बाई तुमच्यासाठी घसा फोडून वेळ मिळवून आलेली. तिला नाही कसं म्हणायचं?

ताईंची युक्ती गाजली. आमच्या केंद्रातले सगळेच्या सगळे पेशंट समुपदेशनाला तयार होतात, असं मोठे डॉक्टर ज्याला त्याला सांगू लागले. दुसऱ्या केंद्रांतली माणसं ही पद्धत बघायला आली. ताईंना गुच्छ दिला, फोटो काढला. त्या फोटोत सिस्टरच्या गळ्यात मीही आहे, पण अर्धीच. फोटोवाल्याने बेताने कापलं मला.

त्याच दिवसांत रंगारी आला. घरांना रंग देणारा, अंगाने काटकुळा, बोलायला गोड. काम करताना परांचीवरून पडला, पाठीचा मणका दुखावला, इस्पितळातून कडक गोळ्या घेऊन घरी आला आणि पाठ बरी झाली तरी त्या गोळ्यांतून सुटला नाही. त्याला घेऊन यायचे त्याचे सासरे. उंच, ताठ, डोक्यावर टोपी. जन्मभर त्यांनी एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सिस्टरना सांगून टाकलं, "लोक म्हणतात जावई म्हणजे दहावा ग्रह. आमचा ग्रह मी रोज सकाळी हाताला धरून आणणार. आयुष्यभर माणसं वर नेली, खाली आणली. हा एकटाच असा की खालीच चाललाय. याला वर पोहोचवल्याशिवाय मी काही लिफ्ट सोडत नाही." रंगारी मान खाली घालून हसला. सासऱ्यांना तो बाबा म्हणायचा, आणि ते त्याला भर बाकावर सगळ्यांदेखत जावईबापू म्हणून चिडवायचे.

गोळी रंगाऱ्याला लागू पडली. मी ती त्याच्या तोंडात बघत होते. आधी ओठ फाटलेले, जीभ कोरडी. मग जीभ ओली दिसू लागली. मग एके सकाळी त्याच्या नखांत निळा रंग दिसला आणि सिस्टर माझा उजेड तोंडातून काढून त्याच्या नखांवर टाकत म्हणाल्या, "अरे वा! काम मिळालं वाटतं." सासरे असे खुलले की जणू त्यांनाच नोकरी लागली. घरी म्हणे रंगाऱ्याची छोटी मुलगी पुन्हा बापाच्या ताटात जेवायला बसू लागली होती. आधी ती त्याच्या खोलीत जायला घाबरायची.

एकदा तोंड दाखवून झाल्यावर रंगाऱ्याने सिस्टरकडे मला मागितलं. तोंड तपासायच्या बॅटरीचं याला काय काम, असं माझ्या मनात आलं. त्याने मला बाकामागच्या भिंतीला अगदी गाल टेकवल्यासारखं धरलं आणि बटण दाबलं. अगं बाई! त्या गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर खड्डे, उंचवटे, पुट्टी ओढायच्या पत्र्याचे ओरखडे, सगळं उघडं पडलं. तो म्हणाला, "समोरून उजेड मारला की कुठलीही भिंत चांगलीच दिसते, सिस्टर. कडेने मारायचा असतो. ज्याने रंग दिला त्याने पुट्टी घासलीच नाहीये." मग म्हणाला, एक रविवार काढतो आणि ही भिंत मी करून देतो, माझ्याकडून. त्या दिवशी मी फार खूश होते. जन्मात पहिल्यांदा मला कुणी दाताजिभेपलीकडचं काही दाखवायला लावलं होतं.

आणि मग ताईंनी त्याच्यासाठी वेळ मिळवली. साधीसुधी नव्हे. शहरातले सगळ्यात नावाजलेले समुपदेशक, नवीन माणूस घेतच नव्हते. ताईंनी त्यांच्या इतक्या विनवण्या केल्या की शेवटी ते कबूल झाले. बाकावर रंगाऱ्यासमोर स्टूल ठेवून ताईंनी आनंदाने पत्ता सांगितला. चौकातलं मोठं औषधाचं दुकान, त्याच्या वरचा मजला, जिना दुकानाला लागूनच. "फार खटपटीने मिळालीय हं, घालवू नका."

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. मी बघत होते. जिभेखाली गोळी होती आणि जीभ नुसती वळवळत होती. त्याने बोट ओठांकडे नेलं. ताईंना वाटलं गोळी कडू लागतेय. त्या समजुतीने म्हणाल्या, थोडं सोसा, आणि जाल ना म्हणून पुन्हा विचारलं. त्याने शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सासरे पाणी प्यायला गेले तेव्हा रंगारी खिडकीशी वाकून हळूच सिस्टरना म्हणाला, "ते दुकान आहे ना जिन्याखालचं, मी वर्षभर तिथूनच घ्यायचो. चिठ्ठीशिवाय. मागच्या दाराने. तिथून जाताना पाय माझे राहत नाहीत, सिस्टर. ताईंना सांगून मला दुसरीकडे कुठे तरी पाठवा. आणि बाबांना कळू देऊ नका. दुकानदार त्यांचा दोस्त आहे, त्यांची बीपीची औषधं तिथलीच."

सिस्टर काही दगड नव्हत्या. पण मागे रांग होती, आणि केंद्रात कामाच्या वाटण्या अशा की गोळीचं सिस्टरकडे आणि बोलण्याचं ताईंकडे. "हे ताईंनाच सांगा. मीपण चहाच्या वेळी त्यांच्या कानावर घालते. आ करा." चहाच्या वेळी औषधांची खोकी आली, मोजामोजी सुरू झाली आणि राहून गेलं. मग ते राहूनच गेलं.

रंगारी प्रयत्न करत नव्हता असं नाही हो. गोळी विरघळल्यावर तो ताईंच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. आत ताई फोनवर, कुणाची तरी मनधरणी चाललेली. त्या हात दाखवून थांबायला सांगायच्या. तो थांबायचा. तेवढ्यात फाटकातून सासऱ्यांची हाक यायची, चला जावईबापू, मुकादम खोळंबलाय. सासऱ्यांसमोर तर बोलायची चोरीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि मी तिथे दोरीला लटकलेली, सगळं माहीत असलेली. माझ्याकडे उजेड होता, तोंड नव्हतं. इतका राग येतो मला अजून, पण बॅटरीच्या रागाला विचारतो कोण?

वेळेच्या दिवशी तो गेला. कोपऱ्यावर पोहोचताच औषधवाल्याने आतून हाक मारली, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, या, बसा. रंगारी उलट पावली पळाला. पुढच्या वेळी समोरच्या फूटपाथवर उभा राहिला आणि वेळ टळल्यावर घरी गेला. बाबांना सांगितलं, छान झालं बोलणं. तिसऱ्या वेळी तो घरातून निघाला आणि दुसरीकडेच भटकून आला. हे सगळं त्याने एकदा सिस्टरना सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं, आणि रडता रडताच गोळी घ्यायला त्याने तोंड उघडलं.

तोवर वरून नवीन नियम आला होता. समुपदेशनाला तीनदा दांडी मारली की गोळी बंद. गोळी घ्यायला बरे येता, बोलायला का जात नाही, असा वरच्या मंडळींचा सवाल. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय! मोठ्या डॉक्टरांना नियम पटला नव्हता, पण त्यांनी सही केली आणि आठवड्यासाठी परगावी गेले. त्या सोमवारी सिस्टरनी खिडकीशी ठेवलेल्या वहीत रंगाऱ्याचं नाव पाहिलं, आणि त्यापुढची लाल खूण. त्यांनी ताईंना बोलावलं.

ताई आल्या. सासरे शेजारी उभे होते, त्यांना काहीच कळेना. जावई तर जातो म्हणाला होता. ताईंचा आवाज दुखावलेला होता. "मी तुमच्यासाठी किती खटपट केली. आणि तुम्ही स्वतः हो म्हणाला होतात."

रंगारी पहिल्यांदाच रिकाम्या तोंडाने त्यांच्यासमोर उभा होता. तो म्हणाला, "ताई, माझ्या तोंडात गोळी होती."

ताईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्यांकडे. बाकावरच्या सगळ्यांची तोंडं मिटलेली होती. सिस्टर बोलायला गेल्या, तर रंगाऱ्याने त्यांच्याकडे बघून किंचित आडवी मान हलवली. बाबा उभे होते ना शेजारी. ताई चाचरत म्हणाल्या, डॉक्टर पुढच्या सोमवारी येतील, गोळी त्यांच्याशिवाय कुणालाच सुरू करता येत नाही, मी त्यांच्याशी बोलेन, तोवर कसेतरी दिवस काढा. रंगाऱ्याने मान हलवली. सासरे त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेले. जाताना चिडवलंही नाही त्यांनी.

त्या दुपारी सिस्टरनी ताईंना दुकानाचं सगळं सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, हेही म्हणाल्या. ताई भांडल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला. आठवडाभर त्या फोनला चिकटून होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका समुपदेशक बाईंना गळ घातली. मोठ्या डॉक्टरांना परगावी फोन करून गोळी सुरू करायचं कबूल करून घेतलं. शुक्रवारी सगळं जुळलं. सिस्टर म्हणाल्या, आत्ताच घरी कळवा. ताई म्हणाल्या, नको, फोनवर ते नुसतं हो हो म्हणतील. "सोमवारी येतील ना, तेव्हा समोर बसवून, गोळीच्या आधी विचारीन. या वेळी त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

चूक ती एवढीच, मित्रांनो. चांगल्या मनाने केलेली.

सोमवारी दार उघडलं तेव्हा सासरे बाकावर येऊन बसलेले होते. एकटेच. टोपी हातात. ताई त्यांना बघून लगबगीने आल्या, स्टूल न घेता त्यांच्या शेजारीच बसल्या आणि विचारलं, जावई मागून येताहेत ना? सासऱ्यांची मान हलली. कशी हलली, उभी की आडवी, मला सांगता येणार नाही. म्हाताऱ्या माणसाची मान तशीही हलतेच. ताईंना ती उभी दिसली. सवयच होती त्यांना.

"आता काळजी सोडा," ताई म्हणाल्या. "आजपासून गोळी सुरू. आणि दुसऱ्या समुपदेशक बाई मिळाल्यात, तिकडच्या रुग्णालयाच्या आवारातच बसतात. त्या दुकानावरून जायलाच नको आता."

सासऱ्यांनी वर पाहिलं. "कुठल्या दुकानावरून?"

सिस्टर खिडकीतून ओरडल्या, ताई, थांबा. पण ताई रंगात आल्या होत्या. आठवडाभराचं ओझं उतरत होतं त्यांच्या डोक्यावरून. "ते हो, चौकातलं. तिथूनच चोरून मिळायच्या ना त्यांना गोळ्या. त्याला घाबरून ते वर जात नव्हते. आम्हाला आधी कळलं असतं तर..."

सासरे बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग हळूहळू बोलले. मंगळवारी रंगारी कामावर गेला होता, पण हातात ब्रश धरवेना. अंग ठणकत होतं, घामाने कपडे भिजत होते, तरी पोरीसमोर हसत होता. शनिवारी म्हणाला, बाबा, मी समुपदेशकाकडे जाऊन येतो, आज गेलो तर सोमवारी गोळी देतील. सासरे बरोबर निघाले तर नको म्हणाला, एकट्याने जायला हवं. शनिवारी समुपदेशकांची सुट्टी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तो जिन्यात सापडला. वरच्या बंद दाराला टेकून बसलेला.

"आम्हाला वाटलं, दार उघडायची वाट बघत बसले आणि बसल्या बसल्या गेले," सासरे म्हणाले. "दुकानदारानेच आधी पाहिलं म्हणे. त्यानेच मला निरोप धाडला. काल... काल त्याने खांदा दिला हो."

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? वरचं दार बंद होतं आणि खालचं दुकान उघडं होतं. पाच दिवस तळमळणारा माणूस त्या दोहोंच्या मध्ये, जिन्यात उभा होता. त्याने जुन्या सवयीइतक्याच गोळ्या खालून घेतल्या, पण त्याच्या शरीराला आता तेवढ्या सोसत नव्हत्या. बरा होत आला होता म्हणूनच तो गेला. हे मला कितीही उजेडात धरलं तरी कळत नाही.

सासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. तोंडात काही नव्हतं आणि शब्दही येत नव्हता. ताई त्यांच्या गुडघ्यापाशी जमिनीवर बसल्या. रांगेतली माणसं खिडकीशी खोळंबली होती, कुणी गोळी मागत नव्हतं. सिस्टर बाहेर आल्या, काय करावं त्यांना सुचेना, आणि त्यांनी मला गळ्यातून काढून बाकामागच्या भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. खड्डे तसेच होते. करून देणारा नव्हता.

त्यानंतर ताई बदलल्या. गोळी विरघळून तोंड तपासून झालं की मगच त्या माणसाशी बोलू लागल्या, दार लावून, फोन बाजूला ठेवून. लोक नाही म्हणू लागले. तिथे नको म्हणू लागले. या वेळी नको, या बाईंकडे नको, घरच्यांसमोर नको. किती कायकाय साठलं होतं त्या जिभांखाली! रांग रस्त्यापर्यंत जाऊ लागली. आणि सगळेच्या सगळे तयार असलेले पेशंट एकदम निम्म्यावर आले. वरून विचारणा झाली, काम ढिलं का पडलं? ताईंनी सगळं सांगून पाहिलं. पण समोरून उजेड मारणाऱ्यांना खड्डे दिसत नाहीत. ताईंना औषधांच्या कोठारात हलवलं आणि त्यांच्या जागी दुसरी हुशार मुलगी आली. तिला ते स्टूल सापडलं. गोळी तोंडात असताना माणसं जागची हलत नाहीत, हे तिच्याही लगेच लक्षात आलं. नियमही तसाच आहे. माना पुन्हा हलू लागल्या आहेत.

सिस्टर निवृत्त झाल्या. कपाळाला बांधायचा नवा दिवा आला, कानामागून आला आणि तिखट झाला. मला खणात टाकलं. जाताना सिस्टर मला घरी न्यायचं विसरल्या, किंवा त्यांना न्यावंसं वाटलं नसेल, मी त्यांना दोष देत नाही. माझ्या पोटातले सेल मात्र कुणी काढले नाहीत. ते आता पाझरायला लागले आहेत. आतून हिरवट गंज चढतोय आणि बटण हलत नाही. तुमच्या घरी जुनी बॅटरी असेल तर तिच्यातले सेल काढून ठेवत जा, एवढी माया करा.

खणाची फट बाकामागच्या भिंतीकडे आहे. सकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा ती भिंत मला दिसते. बाकावर माणसं तोंड मिटून बसलेली असतात, समोर ती मुलगी गोड आवाजात विचारत असते, जाल ना? कुणाला तरी काही सांगायचं असतं. मला त्याची जीभ हललेली इथूनही कळते.

तुम्ही मोठे व्हाल, कुणी नर्स व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी अशी ताई. कुणाला काही विचाराल तर त्याचं तोंड रिकामं होईपर्यंत थांबा, बाळांनो. रंगारी ताईंच्या दारात रोज थांबायचा.